कुमुदताईंचा चैत्र

वाकवलेल्या मधल्या बोटाचा सांधा भिंतीवर पडला, की एक आखूड, कोरडा आवाज होतो. ठक्. जरा सरकून पुन्हा, ठक्. आणखी वीतभर सरकले, की तोच आवाज अचानक सैल पडतो, रिकाम्या डब्यासारखा: ठप्प. लखनौ म्हटले की लोकांना अत्तरे आठवतात, कबाबांचा धूर आठवतो. मला हा आवाज आठवतो, आणि त्यापाठोपाठ भिंतीला कान लावून उभ्या राहिलेल्या कुमुदताई पांडे. उंच, किंचित वाकलेल्या, डोळे मिटलेले, ओठांवर बोट. जणू भिंतीपलीकडे कोणी हळू आवाजात काही सांगत आहे आणि ते अर्धवट ऐकण्याची त्यांची तयारी नाही.

"इथं गिलावा सुटून राहिला आहे. ऐकलं?" असे म्हणून त्या डोळे उघडत.

मला काहीच ऐकू आलेले नसे. "हो," मी म्हणत असे.

त्यांचे ते बोट सगळीकडे चाले. कुंभाराकडची सुरई, कलिंगड, नारळ, गच्चीवरची पाण्याची टाकी, दाराची चौकट. एकदा आमच्याकडे गॅसचा नवा सिलिंडर आला, तेव्हा त्यांनी कुंपणावरून हात लांबवून तोही वाजवून पाहिला आणि आणणाऱ्याला म्हणाल्या, "भैया, ये तो आधा बोल रहा है." तो इतका गोंधळला की एका शब्दाचाही वाद न घालता दुसरा सिलिंडर उतरवून गेला.

माझ्या यजमानांची बँकेतली बदली लखनौला झाली आणि आम्ही जानकीपुरममध्ये भाड्याच्या घरात राहायला आलो, ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. वसाहत तेव्हा अर्धीमुर्धी वसलेली होती. एका घराशेजारी दोन प्लॉट मोकळे, त्यांत वाळूचे ढीग, एरंडाची झुडपे आणि जागा सोडायला तयार नसलेल्या मोहरीचे पिवळे तुकडे. आमच्या उजव्या अंगाला मेंदीचे कुंपण होते आणि त्याच्या पलीकडे कुमुदताई. पावसाच्या तोंडावर त्या मेंदीला फिकट तुरे येत, आणि त्यांचा गोड, किंचित तुरट वास दोन्ही घरांत सारखाच शिरे.

आम्ही सामान उतरवत होतो त्या सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "साताऱ्याकडचे का हो तुम्ही?" मी दचकून पाहिले. कपाट दारातून आत जाईना म्हणून यजमान माझ्यावर खेकसले होते. तेवढ्या एका वाक्यावरून बाईंनी आमचा जिल्हा ओळखला होता. "आणि दुधाची घाई नका करू. इथला गवळी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना चांगलं दूध देते. दुसऱ्या आठवड्याचं पाहा, मग लावा."

पांडे या आडनावामुळे गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्या गोंडा जिल्ह्यातल्या वाटत, उरलेल्यांना प्रतापगढच्या. त्या होत्या नागपूरच्या, महाल वस्तीतल्या. यजमान मनोहरराव हवाई दलात. बख्शी का तालाबच्या तळावरून निवृत्त झाले आणि इथेच घर बांधून, त्यात थोडीच वर्षे राहून गेले. मुलगा प्रकाश बंगळूरला. कुमुदताई स्वतः ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. उभे आयुष्य कानांना यंत्र लावून त्यांनी परक्यांचे आवाज परक्यांना जोडून दिले. थेट फोन लागू लागले, तशी त्या खात्यातली ती खोली ओस पडत गेली आणि त्याही निवृत्त झाल्या. पण त्यांचा कान काही निवृत्त झाला नाही.

त्या नोकरीतली एक गोष्ट त्या हसत हसत सांगत. एका तरुणाने बनारसचा कॉल मागितला. आवाज कापत होता. कुमुदताईंनी विचारले, "भैया, कोई बुरी ख़बर है?" तो म्हणाला, "बुरी नहीं है, बहनजी. हमने शादी कर ली है. पिताजी को बताना है." बाईंनी जरा विचार केला. "पिताजी खाना खा चुके होंगे?" "अभी तो नहीं." "तो लाइन अभी ख़ाली नहीं है," त्यांनी ठोकून दिले. "एक घंटे बाद मिलाऊँगी." जेवण झाल्यावर त्यांनी कॉल जोडला. पुढे कधीतरी तो मुलगा आपल्या बायकोला घेऊन एक्स्चेंजच्या दाराशी मिठाईचा डबा देऊन गेला. पलीकडून पिताजींनी एकच प्रश्न विचारला होता म्हणे: बहू को खाना बनाना आता है?

"भुकेल्या माणसाला काहीही सांगू नाही," कुमुदताई म्हणत. "खरंसुद्धा नाही."

एकेका गोष्टीची एकेक वेळ असते आणि ती कानाने, नाकाने, बोटांनी कळते, हा त्यांचा धर्म होता. फोडणीत मोहरी तडतडून थांबते आणि हिंग अजून कडू झालेला नसतो, त्या मधल्या श्वासाएवढ्या क्षणात त्या डाळ ओतत. पेरू झाडावरून उतरवायच्या आदल्या दिवशी त्याला नुसते हुंगून "उद्या" असे म्हणत, आणि तो उद्याच पिके. मी कवितेच्या अभ्यासातून आलेली. यती कुठे पडावा, ओळ कुठे तुटावी यावर वर्गात तास घालवलेली. त्यांच्या ओट्याशी उभी राहिले की मला वाटे, हे सगळे मी जरा उशिराच आणि जरा चुकीच्या ठिकाणी शिकायला गेले होते.

त्यांच्या स्वयंपाकघरात नागपूरहून येणारी मराठी दिनदर्शिका टांगलेली असे. बालमैत्रीण कमल दर वर्षी पोस्टाने पाठवी. लखनौत इतकी वर्षे काढूनही त्यांचे सणवार, उपास, लोणची, पापड सगळे त्या दिनदर्शिकेवर चाले. गल्लीतल्या बायका कोणत्या तिथीला काय करतात याची त्यांना चौकशी असे, पण कौतुकापुरती. "त्यांचं त्यांच्यापाशी," त्या म्हणत. "माझ्या घरात नागपूरचाच महिना चालून राहिला आहे."

हे घर विकायचे असे त्यांनी मला सांगितले ते आम्ही तिथे येऊन काही वर्षे झाल्यावर, एका पावसाळ्यात. प्रकाश त्यांना बंगळूरला कायमचे बोलावत होता. त्या तीन आठवडे राहून आल्या होत्या.

"सून गुणाची आहे बाप्पा," त्या म्हणाल्या. "पण चहाचं पातेलं कुठं आहे ते विचारावं लागते मला. ती लगेच काढून देते, हसून देते. पण विचारावं लागते ना." मग त्यांनी पदराच्या काठावरून बोट फिरवले. "साठीनंतर बाईनं पातेलं विचारायचं म्हणजे काही खरं नाही."

कमलने त्यांना वाट दाखवली होती. तिच्या नागपूरच्या घराचा खालचा मजला रिकामा होता. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात मोसंबीचे झाड. तो ती कुमुदताईंना विकत द्यायला तयार होती. मात्र तिच्या भाच्याचीही त्यावर नजर होती, आणि त्याला कायमचे थोपवणे तिला शक्य नव्हते. तिने शब्द दिला होता: अक्षय तृतीयेपर्यंत थांबते. तोवर लखनौचे घर विकले गेले तर कुमुदताईंना स्वतःचे छप्पर मिळणार होते. नाहीतर बंगळूर, आणि ते पातेले.

इतके सगळे पणाला लागलेले असताना कोणीही पहिल्या गिऱ्हाइकाला घर देऊन मोकळे झाले असते. कुमुदताई मात्र वेळ शोधू लागल्या.

मिश्राजी नावाचे दलाल होते. घरघर करणाऱ्या स्कूटरवरून येत, पान खात, आणि प्रत्येक घराला "कोठी" म्हणत. नवरात्रात ते पहिले गिऱ्हाईक घेऊन आले. कुमुदताईंनी दारातूनच परत पाठवले. "दीवारें अभी गीली हैं."

"बहनजी, दीवार कौन छूता है?"

"मैं छूती हूँ."

नंतर मला म्हणाल्या, "पावसाळ्यानंतर लगेच घर दाखवायचं म्हणजे तापातून उठलेल्या माणसाचा फोटो काढायचा."

दिवाळीनंतर भिंती वाळल्या, तेव्हा एक ठेकेदार आला. सफारी सूट, हातात किल्ल्यांचा जुडगा. कुमुदताईंनी त्याला घर दाखवायला सुरुवात केली ती मागच्या खोलीतल्या त्या पोकळ गिलाव्यापासून. "यहाँ सुनिए. ठक्. अब यहाँ. ठप्प. सुना? यह हिस्सा गिराकर फिर से करवाना पड़ेगा." मग मोरीचा उतार कसा चुकला आहे, मधल्या खोलीचे दार श्रावणात कसे फुगते, सगळे क्रमाने. मिश्राजींच्या तोंडातले पान थांबले.

"बहनजी," ते कळवळून म्हणाले, "आप मकान बेच रही हैं कि मरीज़ दिखा रही हैं?"

ठेकेदाराला कशाचेच काही वाटले नाही. तो घड्याळ बघत म्हणाला, "हमें क्या करना है, हमें तो सब तोड़ना ही है." कुमुदताईंनी शांतपणे दाराची कडी काढली आणि त्याला बाहेरची वाट दाखवली. संध्याकाळी त्या कुंपणाशी आल्या तेव्हा आवाज जड होता. "मनोहररावांनी प्रत्येक विटेवर पाणी मारलं ग स्वतः. पाडणाऱ्यालाही विकीन मी, तसं काही नाही. पण त्यानं आधी एकदा पाहावं तरी."

मग धुक्याचे दिवस आले. समोरचे घर दिसेना, तेव्हा आपले कोणाला दाखवणार? पौषात तर मिश्राजींनीच येणे बंद केले. तिकडे खरमास लागला होता. सूर्य धनू राशीत असतो तो महिना. त्यात लखनौकडचा माणूस ना लग्न ठरवतो ना घर. संक्रांत झाली आणि मिश्राजींची स्कूटर पुन्हा घरघरत आली. "अब देर मत कीजिए. होली के बाद फिर खरमास लगेगा, मीन वाला. एक महीना फिर गया समझिए." कुमुदताई त्यांच्यासमोर चिवड्याची बशी सरकवत म्हणाल्या, "अभी धूप ठीक जगह नहीं आती."

ऊन! मिश्राजींनी माझ्याकडे पाहिले. मी बशीकडे पाहिले.

पण ते खरे होते. त्या घराला मी सगळ्या ऋतूंत पाहिले होते. चैत्रात सकाळचे ऊन पूर्वेच्या खिडकीतून मधल्या खोलीत उतरे आणि लाल ऑक्साइडच्या जमिनीवर ओल्या जास्वंदीसारखे पसरे. समोरच्या कडुनिंबाला मोहर येई. त्याचा मधासारखा, नंतर कडवट होणारा वास अंगणभर असे. कुमुदताईंनी ठरवले होते: फाल्गुन संपता संपता चुना काढायचा, दारांना तेल द्यायचे, फरशी घासायची, आणि चैत्र लागला की घराचे दार उघडायचे. पाडव्याच्या आगेमागे. घर तेव्हा जसे असते तसे वर्षभरात पुन्हा नसते.

गल्लीत कुजबूज होती की बहनजींना विकायचेच नाही. मलाही तसे वाटू लागले होते. एकदा शेंगा सोलता सोलता मी विचारलेच, "कुमुदताई, खरं सांगा. मन होत नाहीये ना?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी शेंग तशीच हातात धरून राहिले. "होते ग. फार होते. मला नागपूरच्या त्या अंगणाची स्वप्नं पडून राहिली आहेत. म्हणून तर भीती वाटते. ट्रंक कॉल चुकीच्या वेळी लागला, तर पुन्हा लावता येते. हे एकदाच आहे."

सक्सेना कुटुंबाचा फोन आला तेव्हाही मी तिथेच होते. नवराबायको दोघे शिक्षक, तेलीबागेत भाड्याच्या खोल्यांत राहणारे, शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला. पण फोनवर बोलत होती ती नवऱ्याची आई, माताजी. तिचा ठणठणीत आवाज रिसीव्हरमधून माझ्यापर्यंत येत होता. कधी येऊ, एवढेच तिला विचारायचे होते. कुमुदताईंनी आपल्या जुन्या ऑपरेटरी आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितले, "चैत लगते ही आइए, माताजी. उससे पहले मत आइएगा."

"बिल्कुल," पलीकडून उत्तर आले. "हम भी यही सोच रहे थे."

रिसीव्हर ठेवून कुमुदताई प्रसन्न हसल्या. "पाहिलं? समजदार बाई आहे."

होळी झाली. जानकीपुरमची होळी म्हणजे सगळ्या वसाहतीने एकमेकांच्या अंगावर वर्षभराचे प्रेम आणि वर्षभराचा राग एकाच बादलीतून ओतायचा. दुसऱ्या दिवशी गल्ली थकून पडली होती. सगळीकडे ओल्या गुलालाचा पिठूळ वास आणि शिळ्या गुजियांचे, म्हणजे तिकडच्या करंज्यांचे, तूप. कुमुदताईंच्या मते आता हातात पंधरवडा होता. म्हणून त्यांनी सकाळपासूनच घर उपसायला काढले. कपाटे, पलंग, डबे, मनोहररावांची लोखंडी ट्रंक, सगळे अंगणात. स्वयंपाकघर बाजेवर मांडलेले. पिंपात चुना फसफसत होता आणि त्याची ऊब चेहऱ्याला लागत होती. व्हरांड्याच्या भिंतीवर गल्लीतल्या मुलांनी आदल्या दिवशी रंगलेले पंजे उमटवले होते, लाल, हिरवे, जांभळे, कमरेच्या उंचीपर्यंत. वीज गेलेली. कुमुदताई साडीवर मनोहररावांचा जुना सदरा चढवून, केसांत कालचा गुलाल घेऊन स्टुलावर उभ्या राहून भिंत खरवडत होत्या, आणि मी खाली स्टूल धरून.

फाटकाशी टेम्पो थांबला. त्यातून एक बुटकी, गोरी म्हातारी उतरली. मागून चष्मेवाला मुलगा आणि हातात डबा घेतलेली सून.

"पांडे बहनजी का मकान यही है?"

कुमुदताई स्टुलावरून खाली पाहत राहिल्या. "आप?"

"हम तेलीबाग से. आपने कहा था, चैत लगते ही."

"पर चैत कहाँ लगा है अभी!"

माताजी फाटकातच थांबल्या. "कैसे नहीं लगा? होली जल गई, पूनम बीत गई, चैत लग गया. आज दूज है."

"हमारे यहाँ अभी फागुन है," कुमुदताई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

"हमारे यहाँ, मतलब?"

"महाराष्ट्र में. हमारा महीना अमावस पर पूरा होता है. चैत पंद्रह दिन बाद लगेगा, पाड़वे को."

माताजींनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "एक ही गली में दो-दो महीने?" मग सुनेकडे वळून, "सुना, बहू? इस फाटक के बाहर चैत, अंदर फागुन."

सून तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू येत होते. पण कुमुदताई न हसता स्टुलावरून उतरल्या आणि खरवडायचे पाते त्यांनी खाली ठेवले. इतके दिवस ज्या एका सकाळसाठी त्यांनी सगळ्यांना परत पाठवले होते, ती सकाळ ही नव्हती. आणि अक्षय तृतीया काही थांबणार नव्हती.

"माताजी," त्या म्हणाल्या, "आज नहीं. आप पाड़वे को आइए. आज यह घर... आज यह घर है ही नहीं."

"पंद्रह दिन बाद तो खरमास लगा होगा," माताजी म्हणाल्या. "उसमें हम मकान की बात मुँह पर नहीं लाते. इसी लिए तो भागे-भागे आए." आणि परवानगीची वाट न पाहता आत येऊन त्यांनी एक बादली उपडी केली, तिच्यावर बसल्या आणि पाणी मागितले.

पाणी पिऊन झाल्यावर त्या उठल्या. कुमुदताईंनी त्यांना घर दाखवले नाही. त्यांनी ते आपले आपण पाहिले. रिकाम्या खोल्यांत त्यांचे पाऊल घुमत होते. मागच्या खोलीत कुमुदताईंना राहवले नाही. त्यांनी तो पोकळ गिलावा वाजवला. माताजींनीही आपले बोट वाकवून वाजवून पाहिला. दोघी शेजारी शेजारी, भिंतीला कान लावून. "हाँ," माताजी म्हणाल्या. "बोल रही है."

त्या व्हरांड्यात आल्या. "ये पंजे किसके हैं?"

"गली के बच्चों के."

"आप डाँटती नहीं?"

"डाँटती हूँ," कुमुदताई म्हणाल्या. "फिर गुजिया देती हूँ."

माताजींनी मुलाला हाक मारली. तो अंगणातल्या ट्रंकेशी उभा राहून काहीतरी अंदाज घेत होता. "यही लेंगे," त्या म्हणाल्या.

"अम्मा, एक बार ठीक से देख तो लें. सामान सब बाहर पड़ा है..."

"सामान बाहर है तभी तो कमरा दिख रहा है, पगले. नहीं तो आदमी परदे देखकर चला आता है." मग कुमुदताईंकडे वळून, "और बहनजी, चूना मत लगवाइए. ये पंजे रहने दीजिए. हमारे पोते को पता तो चले कि यहाँ किसके साथ खेलना है."

डब्यातून त्यांनी गुजिया काढली, अर्धी मोडून कुमुदताईंच्या चुन्याने पांढऱ्या झालेल्या तळहातावर ठेवली आणि अर्धी स्वतः खाल्ली. खरमास लागण्याआधी बोलणे पक्के झाले. खरेदीखत खरमास संपल्यावर, अक्षय तृतीयेच्या थोडे आधी करायचे ठरले.

टेम्पो गेल्यावर कुमुदताई त्याच बादलीवर बसल्या. वीज आली, आत कुठेतरी पंखा कुरकुरत फिरू लागला. "मी पाडव्याला दाखवलं असतं ना," त्या सावकाश म्हणाल्या, "तर तोंडही उघडलं नसतं तिनं. पार वैशाखावर गेलं असतं सगळं." मग तळहात चाटला. "आणि मी म्हणत होती, मला वेळ कळते."

"कळतेच की," मी म्हटले.

"नाही ग." त्या हसल्या, केसांतला गुलाल खांद्यावर सांडला. "फळाची कळते. माणसांची आपली अशीच येते, हात भरलेले असताना."

त्या संध्याकाळी त्यांनी कमलला फोन लावला. नागपूरला घंटी वाजू लागली तेव्हा डोळे मिटून, रिसीव्हर कानाशी घट्ट धरून त्या उभ्या होत्या. "कमळे," त्या म्हणाल्या, "भाच्याला सांग. मी येऊन राहिली आहे." पलीकडे काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही, पण कुमुदताई एकाएकी पोरीसारख्या खिदळल्या आणि म्हणाल्या, "पातेलं? ते मी ठेवीन माझं जिथं ठेवायचं तिथं!"

प्रकाशने कुरकुर केली. आणखी दोन-तीन वर्षे थांबली असतीस आई, तर जानकीपुरमचे भाव कुठल्या कुठे गेले असते, असे त्याचे म्हणणे होते. ते चुकीचेही नव्हते. मोहरीचे तुकडे खरेच एकेक करून गेले, त्यांच्या जागी दुमजली घरे उठली, आणि मिश्राजी स्कूटर सोडून मोटारीतून फिरू लागले. आमची बदली होईपर्यंत मी हे सगळे पाहत होते. सक्सेनांनी मागच्या खोलीचा गिलावा पाडून नवा केला. व्हरांड्यातले पंजे दोन पावसाळे टिकले. संध्याकाळी माताजी दारात बसून गल्लीतल्या मुलांना ओरडत, आणि ओरडून झाले की काहीतरी खायला देत.

पण कुमुदताई म्हटले, की त्यांच्या जाण्याची सकाळ माझ्यासमोर येते. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी गेला होता. रिक्षात त्या, दोन पिशव्या, पाण्याची सुरई आणि त्यांना चारबाग स्टेशनवर गाडीत बसवून द्यायला निघालेले माझे यजमान. मला जागा उरली नव्हती. वैशाखाची सुरुवात, ऊन अजून कोवळे. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या. माताजींनी दही-साखर त्यांच्या हातावर ठेवली आणि पदराने स्वतःचेच तोंड पुसले. कुमुदताईंनी नवी, कडक इस्त्रीची निळी साडी नेसली होती. तिची खळ प्रत्येक हालचालीला कुरकुरत होती. घराकडे त्यांनी एकदाही वळून पाहिले नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

निघणाऱ्याने "येते" म्हणायचे, ही आपली रीत. जाते म्हणायचे नाही. परतण्याचा शब्द मागे ठेवून जायचे. इतक्या वर्षांत कुंपणावरून घरी वळतानासुद्धा त्यांनी तो कधी चुकवला नव्हता. मी त्याच शब्दाची वाट पाहत होते, आणि तो ऐकला की आपल्याला रडू येणार हेही मला ठाऊक होते. रिक्षा सुरू झाली. कुमुदताईंनी हात बाहेर काढला, माझे मनगट धरले, आणि स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात म्हणाल्या,

"ये."